शेवटचा नळ

नागपूर महानगरपालिकेच्या पाणी खात्यात एक चावीवाले काका होते. कमरेइतक्या उंचीची लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून ते पहाटे चारला घरून निघत. रस्त्यावरचं झाकण उचलत, चावी खाली सोडत, आटे मोजत व्हॉल्व्ह उघडत. मग घड्याळात वेळ पाहत. ठरलेली मिनिटं झाली की तो व्हॉल्व्ह बंद करून पुढच्या गल्लीकडे वळत.

त्यांच्याकडे एक लाइन होती. ती टाकीपासून निघायची, एका जुन्या लेआउटमधून जायची, रेल्वेचे रूळ ओलांडायची आणि थोड्या चढावरच्या वस्तीत संपायची. लेआउटमध्ये बंगले होते. दारात कडुनिंब होते, उन्हाळ्यात खिडक्यांना कूलर लागत. वस्तीत एकेका खोलीची घरं होती आणि सगळ्यांत मिळून एक सार्वजनिक नळ होता. लाइनीवरचा तो शेवटचा नळ.

शहराला पाणी मिळत नव्हतं असं नाही. नागपूरला आधी अंबाझरीच्या तलावाने पाणी दिलं. मग गोरेवाड्याने, मग कन्हान नदीने, मग पेंचने. शहर वाढत गेलं तसं पाणी अधिक दुरून येत गेलं, पण येत गेलं. अडचण होती ती शहराच्या आत, जमिनीखाली. पाइप जुने होते, गंजलेले होते, जागोजागी गळत होते. दिवसातून थोडाच वेळ पाणी सुटायचं. तेवढ्या वेळात ज्याने भरलं त्याचं झालं.

एका वर्षी उन्हाळा कडक पडला. लेआउटमधल्या एका बंगल्यात वकीलसाहेब राहत. त्यांच्या नळाची धार बारीक झाली. गच्चीवरची टाकी भरेना, कूलर कोरडा पडला. वकीलसाहेब भले गृहस्थ होते. कुणाचं वाईट त्यांनी कधी चिंतलं नव्हतं. ते बाजारात गेले आणि एक टिल्लू पंप घेऊन आले. दुसऱ्या दिवशी नळाला पंप जोडला आणि टाकी भरून वाहिली.

त्याच दिवशी शेजारच्या घरातली धार बारीक झाली. शेजाऱ्याने आठवडाभर वाट पाहिली आणि पंप आणला. मग त्याच्या शेजाऱ्याने आणला. काहींनी मोठा पंप आणला, काहींनी जमिनीखाली टाकी बांधली. मे महिना संपता संपता सगळ्या लेआउटमध्ये पहाटे पंपांचा आवाज घुमू लागला.

रुळांपलीकडे मात्र आवाज वेगळा होता. तिथल्या नळातून हवा फुसफुसत यायची. मग चार घोट गढूळ पाणी, मग पुन्हा हवा.

त्या नळाशी रोज पहाटे एक आजी येऊन बसायची. जवळ दोन पितळी गुंड आणि एक प्लास्टिकची बकेट असायची. तिची सून वकीलसाहेबांकडे धुणीभांडी करायची. नात सहावीत होती. नळाला पाणी नाही आलं की टँकरची वाट पाहावी लागे. टँकर कधी आठला यायचा, कधी अकराला, कधी यायचाच नाही. सून थांबली की कामाचा खाडा व्हायचा आणि पैसे कापले जायचे. नात थांबली की तिची शाळा बुडायची. पाण्याला वस्तीत कुणी पैसे मोजत नव्हतं. पण कुणी मजुरी मोजत होतं, कुणी शाळा मोजत होतं.

सून एक दिवस सासूला म्हणाली, "बाई, तिथं मी नळ सोडून भांडे घासतो. घरी येतो तं पेयाले पाणी नाही."

आजी काही बोलली नाही. तिने गुंड आडवा करून उरलेलं पाणी वाटीत काढलं आणि सुनेला दिलं.

चावीवाले काका हे रोज पाहत. त्यांनी एके दिवशी लेआउटचा व्हॉल्व्ह दहा मिनिटं आधी बंद केला आणि ती दहा मिनिटं वस्तीला दिली. त्या दिवशी वस्तीत पुष्कळ गुंड भरले. दुसऱ्या दिवशी सकाळीच लेआउटमधून ऑफिसात फोन गेले. तिथल्या घरांत फोन होते, आणि कुणाला फोन करायचा तेही ठाऊक होतं. काकांना झोन ऑफिसात बोलावलं गेलं. साहेब म्हणाले, "तक्ता आहे ना? तक्त्याप्रमाणे सोडा." काका म्हणाले, "साहेब, तक्त्यापरमानं सोडतो, पण शेवटी पोचत नाही." साहेब म्हणाले, "पोचवणं तुमचं काम नाही. सोडणं तुमचं काम आहे."

ही गोष्ट वस्तीत कळली. लोकांनी विचार केला आणि घरटी पाच रुपये गोळा केले. आजी ते पैसे रुमालात बांधून काकांकडे घेऊन गेली.

"भाऊ, तिकडचे लोक दिवाळीले देतच असतील. आमचे बी घ्या. पण पाणी द्या."

काकांनी रुमाल परत केला.

"माय, पैशानं चावी फिराले लागली की ते जास्त पैशाकडंच फिरते. आज तुम्ही पाच द्याल, उद्या तिकडून पन्नास येतील. मंग तुमच्याजवळ काय राहील? आता तुमच्याजवळ निदान नियम तरी आहे."

"नियमानं गुंड भरत नाही भाऊ," आजी म्हणाली.

"खरं आहे," काका म्हणाले. ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग त्यांनी नातीकडे पाहिलं. "बाई, तुले लिहिता येते ना? एक वही कर. मी व्हॉल्व्ह उघडतो ते टाइम तुले सांगत जाईन. इथं पाणी कधी आलं, कधी गेलं अन् किती गुंड भरले, ते तू लिहजो. रोज. ज्या दिवशी नाही आलं त्या दिवशी बी."

नातीने जुन्या वहीची कोरी पानं काढून शिवली आणि लिहायला सुरुवात केली. तारीख. व्हॉल्व्ह उघडला सव्वापाच. पाणी आलं पावणेसहा. गेलं पाच मिनिटं कमी सहा. गुंड अकरा. दुसऱ्या दिवशी गुंड सात. तिसऱ्या दिवशी हवा.

वही भरत गेली. वस्तीतले निवृत्त मास्तर ती चाळत. त्यांनी एक अर्ज लिहिला, लोकांनी अंगठे दिले, सह्या केल्या. अर्ज झोन ऑफिसात गेला. कारकुनाने शिक्का मारून पोच दिली. पावसाळा आला आणि अर्ज विसरला गेला. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा अर्ज गेला. त्यालाही पोच मिळाली.

मास्तर अर्ज घेऊन लेआउटमध्येही गेले होते. चार घरांत त्यांना पाणी विचारलं गेलं, चहा मिळाला, खुर्ची मिळाली. सही कुणी केली नाही. नकार देण्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. त्यांच्या टाक्या भरत होत्या. ज्याची टाकी भरते, त्याला पाणी खात्याशी भांडायचं काम उरत नाही.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात लेआउटमध्ये कावीळ आली. आधी एका घरात, मग पाच घरांत. वकीलसाहेबांचा पाच वर्षांचा नातू अंथरुणाला खिळला. डोळे पिवळे झाले, अन्न जाईना. डॉक्टर म्हणाले, पाणी दूषित आहे. वकीलसाहेबांना ते पटेना. घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. पण मूल बागेतल्या नळाला तोंड लावून पाणी पीत असे, हे सुनेनेच त्यांना सांगितलं. आजीच्या सुनेने. तिने ते रोज भांडी घासताना पाहिलं होतं.

वकीलसाहेबांनी चावीवाल्या काकांना घरी बोलावलं. "तुम्ही घाण पाणी सोडता का आम्हाला?" त्यांनी विचारलं. आवाजात राग होता, पण रागाखाली भीती होती.

"टाकीतून चांगलंच निघते साहेब," काका म्हणाले. "उद्या पहाटे माह्यासंगं या. दाखवतो."

दुसऱ्या पहाटे वकीलसाहेब चप्पल घालून निघाले. गल्लीच्या कोपऱ्यावर दुरुस्तीसाठी एक खड्डा खोदलेला होता. तळाशी पाण्याचा पाइप उघडा पडला होता आणि त्याच्या बाजूनेच गडरलाइन जात होती. गडर पाझरत होती. खड्ड्यात काळं पाणी साचलं होतं आणि पाइपाचा सांधा त्यात बुडाला होता.

काकांनी व्हॉल्व्ह उघडला. थोड्याच वेळात घरोघरचे पंप सुरू झाले. काकांनी कागदाचा एक कपटा काळ्या पाण्यावर टाकला. कपटा जागेवर थांबला, मग हळूच हलला आणि सांध्याच्या फटीकडे सरकत गेला. तिथे जाऊन चिकटला.

"पाइप भरून वाहत असला की फटीतून पाणी बाहेर येते," काका म्हणाले. "पण पाइपात पाणी थोडं अन् ओढणारे पंप शंभर, तं फटीतून बाहेरचं आत जाते. साहेब, पंपाले नळ अन् गडर यातला फरक समजत नाही. जे भेटते ते ओढते."

वकीलसाहेब बराच वेळ त्या कपट्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ही लाइन संपते कुठे?"

तीस वर्षं ते त्या लेआउटमध्ये राहत होते, पण रूळ ओलांडून पलीकडे कधी गेले नव्हते. त्या दिवशी गेले. शेवटच्या नळाशी आजी बसली होती. नळातून हवा येत होती. नात बाजूच्या दगडावर बसून वहीत काहीतरी लिहीत होती.

"काय लिहितेस बाळा?" त्यांनी विचारलं.

"आज बी हवाच," ती म्हणाली आणि वही त्यांच्या हातात दिली.

वकीलसाहेबांनी आयुष्यभर कागद वाचले होते. कोणता कागद खरा बोलतो ते त्यांना कळत होतं. त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. दोन उन्हाळ्यांचं पाणी त्या वहीत होतं. त्यांचा पंप ज्या उन्हाळ्यात आला त्याच उन्हाळ्यात वही सुरू झाली होती, आणि पहिल्याच पानावर गुंड अकरा होते. वहीत पंपाचं नाव नव्हतं. पण तारखा त्यांना आठवत होत्या.

मास्तर तिथे आले. वकीलसाहेब त्यांना म्हणाले, "तुमचा अर्ज माझ्याकडे आला होता. मी सही करायला हवी होती."

मास्तरांनी दोष दिला नाही. ते म्हणाले, "महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली ठराव केला होता साहेब, की चवदार तळं सगळ्यांना खुलं आहे. ठराव होता, तळ्यात पाणीही होतं. पण अस्पृश्यांना ओंजळ भरता येत नव्हती. बाबासाहेब 20 मार्च 1927 ला हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा ओंजळ भरली. नुसत्या ठरावानं पाणी येत नाही. माणसं यावी लागतात. आमच्याकडची माणसं आली आहेत. तुमच्याकडची यायची आहेत."

वकीलसाहेब घरी गेले आणि त्यांनी आपला पंप काढला. संध्याकाळी त्यांनी लेआउटमधल्या लोकांना बोलावलं. काकांनी जे दाखवलं ते सांगितलं. कावीळ झालेल्या घरांनी ऐकलं, इतरांनीही ऐकलं. सगळ्यांनी पंप बंद ठेवायचं ठरलं.

आठ दिवस पंप बंद राहिले. पहिल्या मजल्यावर पाणी चढलं नाही, पण अंगणातल्या नळाला प्रत्येक घरी सारखं आलं. शेवटच्या नळाला नव्वद गुंड भरले. नातीने तो आकडा मोठ्या अक्षरात लिहिला.

नवव्या दिवशी एका घरी लग्नाचे पाहुणे आले. त्यांनी फक्त त्या दिवसापुरता पंप लावला. शेजाऱ्याने पहाटे आवाज ऐकला. त्याने विचार केला, ते भरतात तर मी का थांबू? त्याने लावला. त्याच्या शेजाऱ्याने लावला. तीन दिवसांत सगळे पंप सुरू झाले आणि वहीत पुन्हा सात आला.

वकीलसाहेब खिन्न होऊन काकांकडे गेले. "लोकांनी शब्द पाळला नाही," ते म्हणाले.

"लोक वाईट नाहीत साहेब," काका म्हणाले. "उद्या पाणी येईलच असा भरवसा नाही, म्हणून आज ओढून घेतात. भरवसा घरात तयार होत नाही. तो लाइनीतूनच यावा लागते."

तेव्हा वकीलसाहेबांनी नवा अर्ज लिहायला घेतला. शेजारी मास्तर बसले. लेआउटला पाणी वाढवून द्या, असं त्यात लिहिलं नाही. वस्तीवर दया करा, असंही लिहिलं नाही. त्यांनी एकच मागणी केली. या लाइनीचा दाब शेवटच्या नळावर मोजा. तिथे पुरेसं पाणी आलं, तर मधल्या कुणालाच पंप लागणार नाही. त्यांनी वहीची नक्कल जोडली, डॉक्टरांचे कागद जोडले. वस्तीने सह्या केल्या. या वेळी लेआउटनेही केल्या. पंप पुन्हा लावणाऱ्यांनीही केल्या.

अर्ज घेऊन दोन्हीकडची माणसं एकत्र झोन ऑफिसात गेली. आजी होती, मास्तर होते, वकीलसाहेब होते, नातवाला कडेवर घेतलेली त्यांची सून होती. कारकून तोच होता. त्याने शिक्का उचलला, पण समोरची माणसं पाहून तो खाली ठेवला आणि आत जाऊन साहेबांना उठवलं. साहेबांनी वही वाचली. दुसऱ्या दिवशी अभियंता दाब मोजायचं यंत्र घेऊन शेवटच्या नळाशी आला. काटा शून्यावरून हलला नाही. अभियंत्याने ते लिहून घेतलं. आजवर फक्त वहीत असलेली गोष्ट आता सरकारी कागदावर आली.

गडरजवळचा सांधा त्या महिन्यात बदलला गेला. आणखी दोन गळत्या सापडल्या. पंप जप्त करायची मोहीम निघाली. वस्तीला थोडं अधिक पाणी मिळू लागलं. फार नाही, पण वहीत हवा हा शब्द क्वचित येऊ लागला. पुढच्या उन्हाळ्यात काटा पुन्हा उतरला तेव्हा दोन्हीकडची माणसं पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही गेली.

त्याच सुमारास शहरात चोवीस तास पाण्याची गोष्ट सुरू झाली. महानगरपालिकेने आधी धरमपेठ भागात प्रयोग केला. मग 2012 मध्ये सगळ्या शहराच्या पाणीवाटपाचं काम 25 वर्षांच्या कराराने एका कंपनीकडे गेलं. पुढे रस्ते खोदले गेले, जुने पाइप निघाले, नवे पडले, मीटर बसले. ते सोपं झालं नाही. बिलांवरून वाद झाले, खोदलेल्या रस्त्यांवरून भांडणं झाली, आणि चोवीस तास पाणी सगळीकडे एकदम पोचलं नाही. शहराच्या कडेच्या काही वस्त्यांत त्यानंतरही उन्हाळ्यात टँकर जात राहिला.

पण या लाइनीचं काम नीट झालं. कारण दोन्ही टोकांची माणसं त्यावर नजर ठेवून होती. वस्तीत घरोघर नळ देताना कुणाचं कागदपत्र अडलं तर वकीलसाहेब बसून ते पुरं करत. लेआउटमध्ये खोदकाम रेंगाळलं तर मास्तर चौकशीला जात. आजीच्या दारात नळ आला. त्याला मीटर होतं. पहिलं बिल आलं तेव्हा आजी घाबरली. नातीने वाचून दाखवलं. टँकरपायी जेवढे खाडे होत, त्यापुढे ती रक्कम किरकोळ होती. आजीने ते बिल वेळेवर भरलं आणि पावती देवळीत ठेवली.

पाइपात दिवसभर दाब राहू लागला. आता पंप लावूनही कुणाला शेजाऱ्यापेक्षा वेगळं काही मिळत नव्हतं. नळ उघडला की पाणी येत होतं. एकेकाने पंप काढून भंगारात दिले. कुणाला सांगावं लागलं नाही, कुणाला दंड करावा लागला नाही.

मग 2019 चा जुलै आला. पाऊस लांबला. पेंचवरचं तोतलाडोहचं धरण आटलं. वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यापासून पेंचमध्ये येणारं पाणी आधीच कमी झालं होतं. महानगरपालिकेने आठवड्यातले तीन दिवस, बुधवार, शुक्रवार आणि रविवार, पाणी बंद ठेवलं. चावीवाले काका तोवर निवृत्त झाले होते. पहिल्या बुधवारी ते न राहवून लाइनीवरून चालत गेले. त्यांना भीती होती की पहाटेचा तो जुना आवाज पुन्हा ऐकू येईल.

आवाज आला नाही. बंगल्यात पाणी नव्हतं आणि वस्तीतही नव्हतं. गुरुवारी दोन्हीकडे आलं. बंगल्याच्या गच्चीवर मोठी टाकी होती आणि आजीच्या घरात गुंड होते, तो फरक होताच. पण नळ दोघांचा एकाच दिवशी बंद होता आणि एकाच दिवशी सुरू होता. वकीलसाहेबांचा नातू आता मोठा झाला होता. काकांनी त्याला विचारलं, "पंप नाही आणला?"

"कशाला काका?" तो म्हणाला. "उद्या येईल ना."

काकांनी मान हलवली आणि ते घरी गेले.

गोष्ट एवढीच आहे.

वकीलसाहेबांची मिळकत आणि आजीच्या सुनेची मजुरी यांतलं अंतर या गोष्टीत कमी झालं नाही. पण आधी नळ ते अंतर रोज वाढवत होता. सुनेचा खाडा, नातीची शाळा, टँकरपुढे गेलेली सकाळ हे सगळं गरिबाच्या खिशातून जात होतं. जे पंप घेऊ शकत नव्हते, ते पाण्यासाठी पंपवाल्यांपेक्षा जास्त मोजत होते. लाइन नीट झाली तेव्हा ही गळती थांबली. सूनबाईंचे खाडे थांबले आणि त्यांनी आणखी एक काम धरलं. नात दहावी झाली, पुढे शिकली. तिला कुणी दान दिलं नव्हतं. तिच्या वाट्याची सकाळ तिला परत मिळाली होती.

दुसरी गोष्ट अशी की सार्वजनिक व्यवस्था फक्त खात्याच्या दुर्लक्षाने बिघडत नाही. ज्यांच्याकडे पैसा आणि शब्द आहे, ते तिच्यातून एकेक करून निघून जातात, तेव्हाही ती बिघडते. पालिकेच्या शाळेतून अर्ज लिहिणारे पालक गेले की गळक्या छपराचा अर्ज कोण लिहिणार? सरकारी दवाखान्यातून प्रश्न विचारणारे रुग्ण गेले की औषध का नाही हे कोण विचारणार? शहर बसमध्ये साहेब बसेनासा झाला की बस वेळेवर का येत नाही याची चौकशी कोण करणार? मग ती व्यवस्था फक्त गरिबांची उरते, आणि फक्त गरिबांसाठी उरलेली व्यवस्था फार काळ चांगली राहत नाही. तिचा बिघाड पुन्हा गरिबीच वाढवतो. आणि बंगल्यातला माणूस त्यातून पूर्ण सुटतो असंही नाही. जमिनीखाली पाइप एकच असतो.

महात्मा फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ते एका माणसाच्या मनाचं मोठेपण होतं. पण प्रत्येक गल्लीत फुले जन्मत नाहीत. म्हणून नियम लागतो, मोजमाप लागतं, नोंद लागते आणि ती वाचायला लावणारी माणसं लागतात. चांगुलपणा आठ दिवस टिकतो. तो नवव्या दिवशीही टिकावा यासाठी संस्था असते.

तेव्हा आपल्या घरचं पाणी, शाळा, दवाखाना पैशाने सोडवण्याआधी एक काम करावं. आपल्या लाइनीचं शेवटचं घर कोणतं ते पाहून यावं. तिथली तक्रार आपल्या सहीने पुढे न्यावी. शेवटच्या माणसापर्यंत जी व्यवस्था नीट पोचते, ती वाटेतल्या प्रत्येकाला नीट पोचते. पहिल्या घरापाशी मोजलेली व्यवस्था कधीच खरी नसते.